विहिरीचं पाणी मचूळ लागतंय? आधी मीठ कुठून आलं ते शोधा, मग खर्च करा

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात डहाणूहून मावशीचा फोन आला, म्हणाली अरे विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलंय, चहा फाटतोय, साबणाला फेस नाही, आणि काका म्हणतात तीनशे फूट बोअर मारू, खाली गोडं पाणी असेल. मी म्हटलं मावशी, बोअरवाल्याला एक रुपया अॅडव्हान्स देऊ नको, मी रविवारी येतो. आमची नाशिकजवळ निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि आमच्याकडे गोडी छाटणीच्या (फळांसाठीच्या छाटणीच्या) आधी पाणी-माती तपासायची सवय असल्यामुळे रिपोर्ट वाचता येतो, पण समुद्रकाठच्या विहिरीचं गणित वेगळं असतं हे मला तेव्हा तिथे बसून शिकावं लागलं. त्र्यंबक-जव्हारच्या रस्त्याने अर्ध्या दिवसाच्या आत पोचता येईल असं हे अंतर, पण इथलं खारं पाणी वेगळं आणि तिथलं वेगळं, उपाय तर पार उलटे. म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय, नाशिकवाल्यांसाठी पण आणि ज्यांचं कोकणात घर, वाडी, सासर, माहेर आहे त्यांच्यासाठी पण.

सगळ्यात आधी एक टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचं मीटर घ्या, पेनासारखं असतं, काहीशे रुपयांत मिळतं, शक्यतो ईसी पण दाखवणारं घ्या. ईसी म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते ते, जेवढे क्षार जास्त तेवढी ईसी जास्त, आणि मायक्रोसीमेनमधल्या ईसीला साधारण ०.६४ ने गुणलं की टीडीएस मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये येतो. काही मीटर ०.५ ने गुणतात, त्यामुळे तुमचं मीटर आणि शेजाऱ्याचं मीटर यांचे आकडे जुळले नाहीत तर भांडू नका, पण वर्षभर एकच मीटर वापरा. तपासायचं असेल तर १४१३ मायक्रोसीमेनचं तयार द्रावण बाटलीत मिळतं, त्यात बुडवून आकडा बरोबर येतो का बघायचं. पाणी उन्हात तापलेलं असेल तर थोडा वेळ सावलीत ठेवा, कारण एक अंश तापमान वाढलं की ईसी साधारण दोन टक्के वाढते आणि स्वस्त मीटरची तापमानाची दुरुस्ती प्रत्येक वेळी नीट चालेलच असं नाही.

नमुना घेताना लोक इथेच चुकतात. टाकीतलं पाणी घेतात, नाहीतर मोटार चालू केल्या केल्या पहिला तांब्या भरतात. बोअर असेल तर मोटार दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, पाइपातलं साचलेलं पाणी निघून जाऊ द्या, मग बाटली त्याच पाण्याने तीन वेळा खंगाळा आणि काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा. कोल्ड्रिंकची बाटली नको, पिण्याच्या पाण्याची एक लिटरची स्वच्छ बाटली चालते. वर तारीख, वेळ, विहीर की बोअर, मोटार किती वेळ चालली हे मार्करने लिहा. लॅबला त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी द्या, तोवर गार जागेत ठेवा, नाहीतर नायट्रेटचा आकडा बदलतो. जंतूंची तपासणी हवी असेल तर त्याला लॅबकडूनच निर्जंतुक बाटली आणायची, ही बाटली त्याला चालत नाही.

आता मावशीकडे आम्ही काय केलं ते सांगतो कारण ते कुठल्याही उघड्या विहिरीवर करता येतं. एका काचेच्या बाटलीच्या बुडाला दगड बांधला, गळ्याला सुंभाची दोरी आणि त्या दोरीला दर हातावर गाठ मारली, बाटलीला बूच लावलं आणि बुचाला वेगळी बारीक दोरी. बाटली हवी तेवढी खाली सोडायची, मग बारीक दोरीला हिसका द्यायचा, बूच निघतं, बुडबुडे वर येतात, ते थांबले की बाटली त्याच खोलीच्या पाण्याने भरलेली असते. हळू वर ओढायची. पाण्याच्या वरच्या थरात टीडीएस आला ६४०, मधे ११००, आणि तळाशी, जिथे मोटारीचा फुटव्हॉल (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप) टेकलेला होता तिथे, २९००. मावशी कठड्याला टेकून बघत होती, तिने तळाचं पाणी बोटाने जिभेला लावलं आणि थुंकलं, मग वरचं चाखलं आणि म्हणाली हे तर आपलं जुनंच पाणी आहे की. विहीर एकच, पाणी दोन, आणि मोटार नेमकी खालचं ओढत होती. गोडं पाणी हलकं असतं ते वर तरंगतं, खारं जड असतं ते खाली बसतं, एवढ्या साध्या गोष्टीवर तिथलं सगळं उभं आहे.

समुद्रकाठी असाल तर आणखी एक गोष्ट वहीत लिहायची, ती म्हणजे भरती-ओहोटी आणि तिथी. किनाऱ्याजवळच्या विहिरीची पातळी भरतीबरोबर थोडी वरखाली होते, नुसती पातळी वाढली म्हणजे समुद्र आत आला असं नाही, बाहेरून दाब वाढला की आतलं गोडं पाणीच वर उचललं जातं. म्हणून पातळी आणि ईसी दोन्ही मोजा, आणि दर महिन्याला त्याच तिथीला, भरतीच्या त्याच टप्प्याला मोजा, नाहीतर एकदा पौर्णिमेच्या उधाणाला आणि एकदा अष्टमीला मोजून तुलना केली तर काहीच कळणार नाही. दोन मोजण्या अजिबात चुकवू नका, एक मेअखेरची, पाऊस पडायच्या आधीची, ती सगळ्यात वाईट अवस्था दाखवते, आणि एक ऑक्टोबरची, पावसाने किती धुऊन काढलं ते दाखवते. दोन्हींतला फरक मोठा असेल तर विहिरीत अजून जीव आहे असं समजा.

मीटर फक्त किती मीठ आहे ते सांगतं, कुठलं मीठ ते सांगत नाही, त्यासाठी लॅब लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते, शेतीच्या पाण्यासाठी माती-पाणी परीक्षण लॅब आणि कृषी विज्ञान केंद्रं आहेत. नुसतं "पाणी तपासून द्या" म्हणू नका, नाव घेऊन सांगा: ईसी, क्लोराइड, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, सल्फेट, नायट्रेट. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, क्लोराइड २५० आणि १०००, एकूण कठीणपणा २०० आणि ६००, सगळं मिलिग्रॅम प्रति लिटर. नायट्रेटला मात्र ४५ ही एकच मर्यादा आहे, त्यात सवलत नाही, का ते पुढे येईलच.

मावशीचा रिपोर्ट असा होता: ईसी २८००, क्लोराइड ७८०, सोडियम ४००, कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम ७५, बायकार्बोनेट २५०, नायट्रेट फक्त ६. आता हे कसं वाचायचं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यात क्लोराइड १९,००० मिलिग्रॅमच्या आसपास. त्या गावात किनाऱ्यापासून लांबच्या गोड्या विहिरीत क्लोराइड ६० होतं (ही तुलनेची विहीर तपासणं फार महत्त्वाचं, तिच्याशिवाय गणित होत नाही). ७८० मधून ६० वजा केले, ७२० उरले, त्याला १९,००० ने भागलं, उत्तर येतं पावणेचार टक्क्यांच्या वर, म्हणजे शंभर तांब्यांत जवळपास चार तांबे समुद्र. चार तांब्यांनी एवढं होतं बघा, चहा फाटला, आणि वाडीतल्या झाडांच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. दोनच तांबे मिसळले तरी क्लोराइड २५० च्या पुढे जातो.

मग हे समुद्राचंच कशावरून? सोडियमला क्लोराइडने भागा. समुद्रात हे गुणोत्तर वजनाने ०.५५ च्या आसपास असतं, मावशीचं आलं ०.५१. समुद्राचं पाणी नव्याने आत शिरतं तेव्हा वाटेतली चिकणमाती त्यातलं थोडं सोडियम धरून ठेवते आणि बदल्यात कॅल्शियम सोडते, म्हणून गुणोत्तर समुद्रापेक्षा जरा खालीच येतं आणि पाणी खारं होण्याबरोबर जडही होतं, डाळ शिजत नाही ती त्यामुळे. शिवाय नायट्रेट ६, म्हणजे संडासाचं किंवा खताचं पाणी यात नाही. बायकार्बोनेटपेक्षा क्लोराइड कितीतरी पुढे, हे पण समुद्राकडेच बोट दाखवतं. मॅग्नेशियम कॅल्शियमपेक्षा जास्त असलं की समुद्र असं बरेच जण सांगतात, पण मी एकट्या त्या आकड्यावर विश्वास ठेवणार नाही, कारण आपला काळा दगड स्वतःच मॅग्नेशियम देतो आणि नाशिकच्या बोअरला पण मॅग्नेशियम तेवढंच येतं.

आता त्याच महिन्यातला आमच्या शिवारातल्या एका बोअरचा रिपोर्ट शेजारी ठेवा: ईसी १९००, क्लोराइड २६०, सोडियम २१०, कॅल्शियम ८०, मॅग्नेशियम ७५, बायकार्बोनेट ५२०, नायट्रेट ९५. सोडियम-क्लोराइड गुणोत्तर ०.८, बायकार्बोनेट क्लोराइडच्या दुप्पट, नायट्रेट मर्यादेच्या दुपटीहून जास्त. इथे समुद्राचा काही संबंध नाही आणि असूच शकत नाही, नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे, ५०० फुटांचा बोअर मारला तरी त्याचा तळ समुद्राच्या वर साडेचारशे मीटर राहतो. तरी बोअर खारा लागला की "खालून समुद्राचं पाणी लागलं" म्हणणारी माणसं मी पाहिलीत, आणि मग सगळे निवांत होतात की निसर्गाने केलं, आपलं काय. आपलं मीठ वरून गेलंय. वर्षानुवर्षं टाकलेली खतं, शोषखड्डे, नाल्यातलं सांडपाणी, आणि कालव्याच्या पट्ट्यात जास्त पाणी देऊन निचरा न केल्यामुळे वर आलेले क्षार, ज्याला आपण जमीन क्षारपड होणं म्हणतो. विदर्भात अकोला-अमरावती-बुलडाण्याकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहेच, तो तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, म्हणजे खारं पाणी दिसलं की समुद्र असं समीकरण करायचं नाही.

किनाऱ्यावर मात्र समुद्र खरोखर येतो आणि का येतो ते एका आकड्यात समजतं. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राची १.०२५, या एवढ्याशा फरकामुळे जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, आणि वाळूसारख्या एकजिनसी थरात पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. ग्हायबेन आणि हर्झबर्ग या दोघांच्या नावाने हा नियम ओळखतात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा आहे. आता उलटं करा. उपसा करून पातळी १ मीटर खाली गेली की खालचं खारं पाणी हळूहळू ४० मीटर वर चढायला मोकळं होतं. आणि मोटारीच्या बरोबर खाली तर ते शंकूसारखं वर उचललं जातं. म्हणून काकांचा तीनशे फुटी बोअर म्हणजे समुद्राला आत यायला सरळ नळी टाकून दिल्यासारखं झालं असतं. नाशिकमध्ये पाणी गेलं की खोल जायची आपली सवय आहे, तीच सवय किनाऱ्यावर वापरली की विहीर जाते.

कोकणात जांभा आणि काळा दगड असल्यामुळे हे ४० चं गणित काटेकोर लागू होत नाही, पाणी भेगांतून फिरतं, त्यामुळे एक बोअर गोडा आणि वीस पावलांवरचा खारा असं होतं. पण दिशा तीच. चेन्नईच्या उत्तरेला मिंजूरच्या पट्ट्यात उपसा एवढा झाला की खारं पाणी कित्येक किलोमीटर आत सरकलं, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चुनखडीच्या पोकळ दगडातून तसंच झालं, आणि दोन्हीकडे ते मागे ढकलायला बंधारे आणि पुनर्भरणावर मोठा खर्च करावा लागला.

मावशीकडे आम्ही जे केलं ते असं. बोअर रद्द. फुटव्हॉल तळापासून उचलून पाण्याच्या वरच्या थरात आणला, पातळी खाली गेली की मोटार कोरडी चालू नये म्हणून फ्लोट स्विच बसवला. पाच हॉर्सपॉवरची मोटार काढून एकची लावली, एकदम चार तास उपसण्याऐवजी सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं, मधे विहिरीला दम खाऊ द्यायचा. वाडीला ड्रिप आणि बुंध्यापाशी पालापाचोळ्याचं आच्छादन, त्याने पाण्याचा वापर निम्म्यावर आला. वाडीच्या कोपऱ्यात एक जुना बंद बोअर होता, तो आम्ही चिकणमाती आणि सिमेंटने खालपासून वरपर्यंत बुजवला, कारण असे पडून राहिलेले बोअर खालचं खारं पाणी वरच्या थरात आणतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मग छप्पर. १००० चौरस फूट छपरावर २५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के जरी पकडला तरी जवळपास १ लाख ८५ हजार लिटर पाणी होतं, ते पन्हळीतून जाळी आणि वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीजवळच्या खड्ड्यात सोडलं. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्यायचं, त्यात धूळ आणि पाखरांची घाण असते.

आणि सगळ्यात कटकटीचं काम गावाचं होतं. खाडीच्या बाजूच्या बांधाला खांड पडलं होतं आणि उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) झडप मोडली होती, त्यामुळे उधाणाचं पाणी नाल्यातून थेट आत येऊन साचत होतं आणि वरून मुरत होतं. हे लक्षात ठेवा, समुद्र फक्त खालूनच येतो असं नाही, खारभूमीचा बांध फुटला की जमिनीवरून चालत येतो. त्यासाठी मावशीने शेजारपाजारच्या बायांना घेऊन ग्रामपंचायतीत दोन पावसाळे पाठपुरावा केला तेव्हा झडप बसली. या मेमध्ये क्लोराइड ७८० वरून ४१० वर आलाय. गोडी पूर्वीची नाही पण चहा फाटत नाही. एका पावसात निकाल मागू नका, आत आलेलं खारं पाणी बाहेर जायला वर्षं लागतात.

आपल्याकडच्या पाण्याचं वेगळं आहे. बागेला देताना द्राक्षाचं झाड साधारण १ डेसीसीमेन ईसीचं, म्हणजे १००० मायक्रोसीमेनचं पाणी बिनतक्रार घेतं, मातीच्या अर्काची ईसी १.५ च्या पुढे गेली की उत्पादन घटायला लागतं, डॉगरिज नावाच्या खुंटावर (ज्यावर द्राक्षाचं कलम करतात) जरा जास्त सहन होतं म्हणून तर तो एवढा पसरला. पण हिशोब करा, १२०० टीडीएसचं पाणी एकराला वर्षात २० लाख लिटर दिलं तर २४०० किलो क्षार मातीत गेले, पन्नास किलोच्या ४८ गोण्या. हे धुऊन खाली जायला चांगला पाऊस आणि निचरा दोन्ही पाहिजे, म्हणून चर काढा, शेततळ्यात पावसाचं पाणी साठवून बोअरच्या पाण्यात मिसळून द्या, सोडियम जास्त असेल तर माती परीक्षणाप्रमाणे जिप्सम टाका. आणि एक बारीक गोष्ट, ड्रिपचे क्षार ओल्या पट्ट्याच्या कडेला साचतात, पहिला हलका पाऊस झाला की तेच क्षार मुळांकडे परत ढकलले जातात, त्यामुळे त्या दिवशी पाऊस आला म्हणून ड्रिप बंद करू नका, चालूच ठेवा. नायट्रेट जास्त आलं असेल तर पाण्यात किती नायट्रोजन फुकट येतंय ते धरून युरिया कमी करा, आणि शोषखड्डा विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला हलवा.

घरात पिण्यासाठी, मग नाशिक असो की डहाणू, हे नीट समजून घ्या: उकळून मीठ जात नाही, उलट पाणी आटतं आणि मीठ दाट होतं, नायट्रेट पण तसंच. तुरटीने गढूळपणा जातो, क्लोरीनने जंतू मरतात, क्षार दोन्हींनी जात नाहीत. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो, फेस येतो पण टीडीएस तेवढाच राहतो, घरात बीपीचं माणूस असेल तर ते पाणी पिऊ नये. नायट्रेट ४५ च्या वर असेल तर त्या पाण्यात तान्ह्या बाळाचं दूध कालवायचं नाही, रक्तातली ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होऊन बाळ निळं पडतं. आरओ ने क्षार आणि नायट्रेट दोन्ही कमी होतात, पण त्याचं वाया जाणारं पाणी जास्त खारं असतं, ते परत विहिरीजवळ मुरवू नका, फरशी-संडासला वापरा. समुद्रकाठी मला विचाराल तर पिण्यापुरतं पावसाचं पाणी बंद टाकीत साठवणं हे आरओपेक्षा स्वस्त आणि खात्रीचं.

शेवटी कोकणात प्लॉट घेणाऱ्या नाशिककरांसाठी, कारण हे फोन मला सारखे येतात. पाणी बघायला दिवाळीत जाऊ नका, तेव्हा सगळ्याच विहिरी गोड असतात, मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जा. विहिरीचा तळ किती खोल आहे आणि पाणी कुठवर आहे ते दोरीने मोजा, वरचं आणि तळाचं असे दोन नमुने घ्या, समुद्राच्या बाजूच्या शेजाऱ्याच्या विहिरीचा तिसरा घ्या. तिन्ही बाटल्यांवर नाव लिहून लॅबला द्या आणि रिपोर्ट येईपर्यंत विसार देऊ नका. विकणाऱ्याने टाकीच्या नळाचं पाणी प्यायला दिलं तर ते प्या पण तपासायला तेच आणू नका, टाकी टँकरने भरलेली असू शकते.